‘हात’ म्हणायचं काम

“हात!”

तोंडात ब्रश तसाच ठेवून शिट्टी ओरडली आणि आरशावर फेसाचे तीन शिंतोडे उडाले. भिंतीपलीकडची खरखर थांबली. तिनं कान देऊन दहापर्यंत मोजलं, चूळ भरली आणि खात्री करायला बाहेरच्या खोलीत डोकावली.

बाबा शिलाई मशीनवर बसले होते. डावी बाही कोपरापर्यंत वर सरकलेली होती आणि उजवा हात त्या बाहीपासून वीतभर लांब, हवेत होता. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. हातात काहीतरी पडायचं असावं आणि ते पडलंच नसावं, तसा तो क्षणभर थांबला. मग खाली येऊन पांढऱ्या कापडावर टेकला.

“शाब्बास,” शिट्टी म्हणाली.

“झोपेतसुद्धा ऐकू येतं की काय गं तुला?”

“झोपेत तर जास्तच.”

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं. घरात ती शिट्टी होती, कारण जन्मल्यावर तिनं जो सूर लावला तो चौदा वर्षं झाली तरी खाली आला नव्हता. पूर्वी तिला त्याची लाज वाटायची. पण यंदा शाळेच्या खेळांच्या दिवशी ऐन वेळी माइक बंद पडला, तेव्हा तिनं नुसत्या घशानं अख्ख्या मैदानाला रांगेत उभं केलं. तेव्हापासून ती आपला आवाज नव्या बुटांसारखा मिरवत होती.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिची कामं घरात कुणी वाटून दिली नव्हती, ती आपोआप वाटली गेली. कुंड्यांना पाणी, वरच्या मजल्यावरच्यांशी नळावरून भांडण आणि किल्ल्या हे शिट्टीकडे आलं. कोटांना बटणं लावणं बाबांकडे गेलं. पडदे धुणं आत्यानं अंगावर घेतलं आणि प्रत्येक वेळी ते बोलूनही दाखवलं. ‘हात’ म्हणायचं कामही शिट्टीकडेच आलं, आणि तिच्या मते ते सगळ्यांत मोठं होतं.

बाबांच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एक जागा होती. तिथं पहिल्यांदा कशानं खाजलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काहीतरी चावलं असेल, मशीनचं तेल लागलं असेल. खाजलं म्हणून खाजवलं, खाजवलं म्हणून कातडी जाड झाली, जाड झाली म्हणून जास्त खाजायला लागलं. आई होती तोवर ती जागा शर्टाच्या बटणाएवढी होती. ती गेल्यावर दोन महिन्यांत कोटाच्या बटणाएवढी झाली आणि आता पंजाएवढी. काळपट, चरबट, उभ्या-आडव्या रेघांची, खिशात वर्षानुवर्षं वापरलेल्या पाकिटासारखी. मध्ये दोन-तीन ठिकाणी फुटलेली.

आई एका शब्दात थांबवायची. शिट्टी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची, मशीनची घरघर चालू असायची. घरघर थांबून खरखर सुरू झाली, की भिंतीपलीकडून आईचा आवाज यायचा, “हात.” की चिडीचूप. खरखर नाही की घरघर नाही, कितीतरी वेळ. शिट्टीला नवल वाटायचं. काय दरारा होता बाईचा!

मशीनच्या उजव्या अंगाला एक ठेंगणं स्टूल होतं. आई त्यावर बसून काज-बटणं करायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळेचं टोपण, सुई बोचू नये म्हणून. दोघं कामाला बसली की बोलणं एकेका शब्दाचं. “कात्री.” “दोरा.” “खडू.” मान वर न करता एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं न बघता द्यायचं. आता टोपण मशीनच्या खणात होतं आणि स्टुलावर कापलेल्या कापडांचा ढीग. तो ढीग शिट्टीनंच तिथं ठेवला होता. रिकामं स्टूल बघवत नव्हतं.

“बाबा, कॉलर!”

बाबांनी खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कॉलरवर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला होता. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोडला, तोंडात घालून चघळला आणि तो ओला गोळा ठिपक्यावर टिपत राहिले. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीनं निघतो, असं त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं. ठिपका फिका झाला. नाहीसा झाला नाही.

बाबा शिवत होते ते पांढरे कोट एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचे होते. आई शेवटचे तीन आठवडे तिथंच होती. तिच्या पलंगाभोवती जे जे येऊन उभे राहायचे, त्यांच्या कोटांची बटणं तिनंच लावलेली. ती पडल्या पडल्या हसून म्हणाली होती, “एकाचंही निघालेलं नाही बघा.”

गेल्या आठवड्यात तिथल्या भांडारातल्या काकांनी तीन कोट परत आणून दिले होते. माणूस भला होता, उभ्या उभ्याच बोलला. “पांढऱ्यावर लाल दिसतं हो, मास्तर. अंगात घालणारा घाबरतो. पुन्हा असं झालं तर मला वर सांगावंच लागेल.” आणि जाताना दारात घुटमळून म्हणाला, “आधी हात दाखवा कुणाला तरी.”

म्हणून कॉलरवर ठिपका दिसला त्याच दिवशी शाळा बुडवून शिट्टी बाबांना त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. शाळा बुडवायचं दुःख तिनं शौर्यानं सोसलं.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून जागा पाहिली, बोटानं कडा दाबली, बाबांची नखं उलटसुलट पाहिली.

“हे संसर्गाचं नाही, कुणापासून आलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे तुम्ही स्वतः कमावलंय. खाजवून.”

“मेहनती आहेत पहिल्यापासून,” शिट्टी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “फुटलंय, आता पिकायला लागलंय. मलम देते, वर सुती पट्टी गुंडाळायची. पण खरं औषध एकच, नखं लागता कामा नयेत. खाज चढते, शिगेला पोचते, आणि हात लावला नाही तर काही मिनिटांत आपसूक उतरते. तेवढी मिनिटं काढायची. जमेल?”

बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“घरी अडवतं कोण यांना?”

“मी!” शिट्टी खुर्चीतून अर्धी उठलीच. “मी ‘हात’ म्हणते. की ते थांबतात.”

“आणि मग?”

“मग... पुन्हा सुरू करतात.”

“तुझ्याआधी?”

“आधी आई म्हणायची.”

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे पाहिलं. “तेव्हा थांबायची खाज?”

“थांबायची.”

“मग आता काय वेगळं होतंय?”

बाबांनी त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, “हा खिसा सूतभर तिरका बसलाय. माझ्याकडचा नाही हा.”

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि ती शिट्टीच्याच हातात दिली. “पंधरा दिवस. तोवर कोरडं पडायला लागलं नाही, तर हात कोपरापासून बोटांपर्यंत बांधून ठेवावा लागेल. महिना, दीड महिना. मशीन बंद.”

जिना उतरताना शिट्टीनं चिठ्ठी मुठीत घट्ट धरली होती. मशीन बंद म्हणजे काय, हे शिट्टीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आई गेल्यावर बाबा दोन दिवस खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. जेवले नाहीत, रडले नाहीत, हाक मारली तर वळले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनची घरघर ऐकू आली, तेव्हा शिट्टी अंथरुणात तोंड खुपसून रडली होती, आनंदानं. ती घरघर थांबली तर बाबा परत त्या खुर्चीत जातील, आणि या वेळी तिसरा दिवस उजाडेलच असं नाही.

मग काय, शिट्टीनं मोहीमच उघडली.

वहीची पानं फाडून त्यांवर लाल खडूनं ‘हात!’ लिहिलं आणि ती मशीनला, आरशाला, कपाटाला, पाण्याच्या पिंपाला आणि बाबांच्या चपलांना चिकटवली. बाबांची नखं मुळापर्यंत कापली. डाव्या हाताला मलम, वर पट्टी, पट्टीवर जुन्या मोज्याची नळी. शाळेला जाताना दारातून “हात!”, आल्यावर चपला काढायच्या आधी “हात!”. आईच्या जुन्या फोनमध्ये, जो आता तिचा झाला होता, तिनं आपला आवाज भरला आणि घरी असताना दर अर्ध्या तासानं तो वाजेल असं केलं. “हात! बाबा, हात!” पहिल्यांदा वाजला तेव्हा बाबांच्या पायाखालून मशीनचं पायडलच सुटलं.

“आता शिट्ट्या दोन झाल्या घरात,” ते म्हणाले. ते हसलेसुद्धा. शिट्टीनं ते हसू दिवसभर जपून वापरलं.

आत्या आली ती हातमोजे घेऊन. तिनं आधी चपलांवरचा कागद वाचला, मग पिंपावरचा.

“दादा, घर आहे का शाळेचा फळा?”

“तिला विचार.”

“तुला विचारतेय. मोठा झालास, केस पांढरे झाले, आणि अजून माकडासारखा खाजवतोस. लहानपणी आई तुझ्या हातांना पिशव्या बांधायची, आठवतंय ना? हे घाल.”

“मोजे घालून सुई कशी धरू?”

“मग नको धरूस. मर खाजवून.” असं म्हणून तिनंच त्यांच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं, आणि खोचता खोचता तिचा आवाज उतरला. “वहिनी होती तोवर बरं होतं रे तुझं.”

बाबांनी सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला.

स्वयंपाकघरात आत्या शिट्टीच्या कानाशी लागली. “तू जरा जोरानं दम भरत जा. वहिनीचं कसं, एक शब्द की हा गप्प.”

“याहून जोरात? आत्या, खालचे लोक आता मला ‘हात’ म्हणूनच हाक मारतात.”

पण तिनं आवाज वाढवला. दर वेळी बाबा ऐकायचे. दर वेळी उजवा हात निघायचा, हवेत यायचा, तळवा वर, तसाच क्षणभर राहायचा आणि खाली जायचा. दर वेळी ती ते जिंकलं म्हणून धरायची. आणि पाच मिनिटांनी भिंतीपलीकडून पुन्हा खरखर, आता मोज्याच्या नळीवरून, दबकी, चोरून केल्यासारखी. रोज संध्याकाळी पट्टी सोडली की आतलं जास्तच लाल, जास्तच ओलं. तेराव्या दिवशी पट्टी कातडीला चिकटली. ती कोमट पाण्यानं सोडवताना बाबा भिंतीकडे बघत होते.

चौदावा दिवस रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर बाबा उरलेले चार कोट घेऊन बसले, उद्या सकाळी द्यायचे होते. उद्याच डॉक्टरकडेही जायचं होतं. शिट्टी आतल्या खोलीत गादीवर पालथी पडून फोनशी झटत होती. जुना आवाज पुरेसा कडक नव्हता. आता ती असा भरणार होती की भिंतीनंही हात खाली घ्यावा. पण फोननं जागा नसल्याचं सांगितलं.

ती जुनं काय काय पुसायला बसली. एका ठिकाणी ‘भाषण सराव’ असं सापडलं, मागच्या वर्षीचं, सात मिनिटांचं. विषय होता ‘झाडे आपले मित्र’. तिला वक्तृत्वात काहीच मिळालं नव्हतं त्या वेळी, आणि ऐकल्यावर का ते कळलं. किती ओढूनताणून हातवारे ऐकू येत होते! ती पुसणार, एवढ्यात तिच्या त्या टिपेच्या आवाजामागे तिला दुसरं काही ऐकू आलं. मशीनची घरघर. ती थांबली. खरखर.

आणि आई.

“हात.”

शिट्टीचं बोट फोनवर होतं तिथंच राहिलं.

गेले आठ महिने तिनं हा शब्द दिवसातून पंचवीसदा म्हटला होता, आणि तो हा शब्द नव्हता. यात दम नव्हता. दरारा तर नव्हताच. आई मान वर न करता, हळू, ‘कात्री’ म्हणावं तसं म्हणाली होती. ‘दोरा’ म्हणावं तसं.

मग एक बारीकसा आवाज. टक.

मग काही नाही. झाडं प्राणवायू देत राहिली, पाऊस पाडत राहिली, मुळांनी माती धरून ठेवत राहिली, आणि त्या भाषणामागे सबंध चार मिनिटं भिंतीपलीकडे काही वाजलं नाही. मग पुन्हा टक, आणि मशीनची घरघर.

तिनं ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. आईसाठी एकदा, त्या ‘टक’साठी एकदा. पितळ लाकडावर ठेवल्यासारखं काहीतरी. नीटसं उलगडेना. चौथ्यांदा ऐकताना तिला स्वतःचं भाषण ऐकवेना, इतकं ते मोठ्यानं होतं. तिनं फोन उशीवर ठेवला आणि उठली.

बाहेर ऊन खिडकीतून मशीनच्या पाट्यावर आलं होतं. बाबांनी डोकं वर केलं नाही. तिनं स्टुलावरचा कापडांचा ढीग उचलून पलंगावर नेऊन ठेवला, घडी न मोडता. मशीनला चिकटवलेला कागद काढला. त्याचा चिकट डाग लाकडावर राहिला, तो तिनं अंगठ्यानं चोळून पाहिला. मग स्टुलावर बसली. स्टूल फार ठेंगणं होतं. गुडघे पोटाशी आले.

“काय गं?”

“काही नाही. बटण लावते.”

“येतं?”

“नाही.”

त्यांनी एक कोट तिच्या मांडीवर सरकवला. तिनं सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि पहिल्याच टाक्याला बोटात टोचून घेतली. ओरडली नाही. कोट लांब धरला आणि बोट तोंडात घातलं.

मशीन चालत होतं. बाहीची एक लांब शिवण संपली, दुसरी सुरू झाली. मध्येच पायडल मंद झालं. बाबांच्या मानेची शीर ताठली. ते खिडकीबाहेर बघायला लागले, जणू तिथं कुणीतरी त्यांना काही विचारतंय. पायडल थांबलं. उजवा हात कापडावरून सरकत सरकत डाव्या कोपराकडे गेला, मोज्याच्या नळीखाली शिरला.

खरखर.

शिट्टीनं मान वर केली नाही. ओरडा सवयीनं घशात तयारच होता, तो तिनं गिळला.

“हात,” ती म्हणाली.

इतका हळू शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. खरखर थांबली. उजवा हात नळीतून निघाला, नेहमीसारखा हवेत आला, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. तिनं सुई कोटात खोचली आणि आपला हात त्यात ठेवला.

बाबा खिडकीकडेच बघत होते. त्यांच्या बोटांनी तिचा हात ओळखीच्या वस्तूसारखा घेतला, फिरवला. मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी गेली. तिथं त्यांनी चिमटीत धरून हलकेच पीळ दिला, काहीतरी काढतात तसा. एकदा. दुसऱ्यांदा.

निघालं नाही काही. तिथं नुसतं बोट होतं, टोकाला रक्ताचा ठिपका आलेलं.

“काढलंस होय आधीच?” बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी खिडकीवरून नजर काढून खाली पाहिलं. स्टुलाकडे. तिच्याकडे.

त्यांचा डावा हात मशीनच्या पाट्यावर आपोआप एका जागी गेला होता, उजव्या कोपऱ्यात, जिथं लाकडावर टोपणाच्या तोंडाएवढे खूप बारीक गोल खळगे पडलेले होते. एकात एक. शिट्टीला ते आजवर दिसले नव्हते.

“हो,” ती म्हणाली. “काढलं.”

त्यांनी हात सोडला नाही. खाज चढत होती, ते तिला त्यांच्या बोटांतून कळत होतं. बोटं आवळत होती, सैल पडत होती, पुन्हा आवळत होती. तिनं काही मोजलं नाही. पाट्यावरचं ऊन कोटाच्या कॉलरवर आलं.

आतल्या खोलीत उशीवर फोन किंचाळला. “हात! बाबा, हात!” थांबला. पुन्हा किंचाळला.

बंद करायला दोघांतलं कुणीही उठलं नाही.